जारचं पाणी

आमच्या घरात रविवारी सकाळी दहा वाजता काचेच्या एका नळीचा रंग बघितला जातो आणि मला मार बसणार की नाही, हे त्यावरून ठरतं. पिवळा आला तर नाही. नारिंगी आला तर शिव्या. लाल आला तर मार. गेल्या दोन वर्षांत पिवळा किंवा नारिंगी एकदाही आलेला नाही, त्यामुळे हा नियम मी उगाचच एवढा लांबवून सांगतेय.

नळीतलं पाणी आमच्या चार फुटी फिशटँकमधलं. मासा खातो, घाण करतो, उरलेलं खाणं तळाशी कुजतं आणि या सगळ्याचं शेवटी नायट्रेट होतं. फिल्टर ते काढत नाही. ते वाढत गेलं की मासा मलूल होतो, त्याला रोग धरतात. म्हणून नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले दहा-दहा थेंब टाकायचे, दुसरी बाटली आधी जोरजोरात हलवायची, मग पाच मिनिटं थांबून रंग कार्डाशी जुळवायचा. टँकमधलं पाणी कपात काढून आणणं माझं काम. थेंब टाकणं ह्यांचं. किटला मी हात लावायचा नाही. ती पाच मिनिटं मी ओट्याशी उभी राहून काढते. तुम्ही म्हणाल, पळून का जात नाहीस? मी इथल्या मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पळायचं कसं ते अभ्यासक्रमात नव्हतं.

ह्यांचं नाव मुकुंद. मूळचे जळगावचे. खडोलीकडे रंगाची रसायनं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे सांडपाण्याचा विभाग ह्यांच्याकडे. कंपनीचं घाण पाणी साफ करायचं, बाहेर सोडताना त्याचा नमुना तपासायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा. घरीही तसलंच रजिस्टर. तारीख, वेळ, नायट्रेट, शेरा. शेऱ्यात असतं, ‘खाणं जास्त’, ‘तळ साफ नाही’, ‘निष्काळजीपणा’. माझ्या गालाचं किंवा बरगडीचं त्यात काही लिहिलेलं नसतं.

माझ्या बहिणीला, नाशिकच्या मालतीला, एकदा मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “भावजी पितात का गं?” सिल्वाशात राहणाऱ्या माणसाबद्दल हा प्रश्न साहजिक आहे, सगळा गुजरात इथे प्यायला येतो. पण नाही हो. थेंबसुद्धा नाही. हे मारतात ते निव्वळ जारच्या पाण्यावर.

जार म्हणजे तो वीस लिटरचा, नथूच्या टेम्पोतून येणारा. कंपनीच्या जवळच असलेल्या आमच्या रो-हाऊसच्या गल्लीला एकच सामाईक बोअर आहे, टाकीतून सगळ्यांच्या नळांना तेच पाणी. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ह्यांनी जाहीर केलं की बोअरचं पाणी आपल्या पोटाला सोसत नाही. तेव्हापासून ह्यांच्या खुर्चीशेजारी स्टँड आणि स्टँडवर जार. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एप्रिल महिन्यात एकदा शाळेतून भर उन्हाची आले आणि त्यातलं अर्धा ग्लास घेतलं. ह्यांनी माझा हात ग्लासासकट भिंतीवर आपटला. ग्लास फुटला, करंगळी मोडली. ती अजून सरळ होत नाही. खडू धरताना बाजूला उभी राहते आणि मुलं हसतात.

आणि टँकमध्ये सरदार. ऑस्कर जातीचा मासा, वीतभर लांब, काळ्या अंगावर नारिंगी डाग. आधी त्याच्याबरोबर सहा छोटे मासे होते. एका दुपारी सरदारने चार गिळले आणि दोघांना चावून अर्धे केले. पाणी गुलाबी झालं होतं. हे खुर्ची ओढून बघत बसले आणि म्हणाले, “याला म्हणतात मासा.” सरदार ह्यांच्या हातून खातो. हे कोपरापर्यंत हात आत घालतात, तो येऊन तळव्यावर अंग घासतो, आणि ह्यांचा चेहरा असा काही मऊ होतो की बघणाऱ्याला वाटावं, किती प्रेमळ माणूस! मलाही वाटायचं. त्याच हाताचे वळ माझ्या गालावर उठलेले असतानाही वाटायचं, याची मला आता शरम वाटते.

गल्लीत तर ह्यांचं नाव चांगलंच आहे. तिसऱ्या घरातल्या शीतलचं बाळ गेल्या वर्षी चार महिन्यांचं असताना अचानक निळं पडलं. ओठ, नखं, सगळं. तिचा नवरा पाळीवर होता. ह्यांनी गाडी काढली, सिग्नल न बघता वापीपर्यंत नेली. बाळ वाटेतच गेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात दोष असावा. हे तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी रविवार होता, नळी लाल आली, आणि त्या दिवशी मला जो मार बसला तसा आधी कधीच बसला नव्हता. मला वाटलं, बाळाचं दुःख माझ्यावर काढताहेत. शीतलला अंगावरचं दूध येत नव्हतं, वरचं, पावडरचं पाजायची. नंतर बरेच दिवस ती मला विचारायची, “काकू, माझं काय चुकलं हो?” मी म्हणायचे, काही नाही गं, देवाची इच्छा.

नायट्रेट कमी करायला मी काय नाही केलं? खाणं दोन वेळचं एक वेळ केलं, मग दिवसाआड केलं. सरदार काचेशी येऊन माझ्याकडे रागाने बघायचा. दर रविवारी पाइप लावून तळातली घाण ओढली, अर्धं पाणी बदललं. फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात धुतला, नळाखाली धुतला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात म्हणून. मनीप्लँटच्या वेली आणून मुळं पाण्यात सोडली, ती नायट्रेट पितात असं वाचलं होतं. मुळं हातभर वाढली. वेल पडद्याच्या दांडीवर चढली. नळी लालच.

ह्यात पल्लवी आली. आमची एकुलती एक लेक, सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, असं ह्यांनी जावयाला, पुण्याच्या मयूरला, फोनवर ठणकावून सांगितलं होतं. “नातवाचं तोंड आधी मी बघणार.” ती आल्यापासून तीन आठवडे हात जपून होता. माझ्यावर हात पडायचा तो ती झोपलेली असताना, आवाज न होता, दंडाला पिळा घालून. मी तिच्यासाठी पाणी वीस-वीस मिनिटं उकळून तांब्यात भरून ठेवायचे. माझ्या आईने माझ्यासाठी तसंच केलं होतं.

त्या रविवारी पल्लवी अंघोळीला गेली होती. नळी लाल आली. नेहमीपेक्षा गडदच. ह्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, माझी मान मागून धरली आणि तोंड टँकच्या काचेवर दाबलं. “बघ. नीट बघ. काय खायला घालतेस त्याला? काय टाकतेस?” मग वळवून थोबाडीत दिली, दुसरी दिली, तिसरीला मी खाली पडले. मग पायाने. पल्लवी ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा पाय हवेतच थांबला आणि हे म्हणाले, “घसरली तुझी आई. पाणी सांडलंय.”

पोर सगळं समजली. लहानपणापासून समजत होती. पण माझ्या गालाला बर्फ लावताना म्हणाली काय, तर “बाबा टेन्शनमध्ये असतात गं. मनाने वाईट नाहीत.” मला तिचा इतका राग आला! मग आठवलं, हे वाक्य तिला मीच शिकवलंय.

सोमवारी गालावर पाच बोटं घेऊन वर्गात जाता येणार नव्हतं, म्हणून रजा टाकली. हे कंपनीत गेले आणि मी किट बाहेर काढलं. मनात सरळसरळ लबाडी होती, आणि ती ह्यांच्याकडूनच शिकलेली. नमुना घ्यायला बाहेरचे साहेब येणार असले की बाटलीत आधीच थोडं स्वच्छ पाणी कसं भरून ठेवायचं, ह्या गोष्टी हे जेवताना हसत सांगायचे. “आपल्याला विचारतात काय, तर बाहेर काय सोडलं. आत काय येतं ते कोण बघतं?” ठरवलं, पुढच्या रविवारी कपात आधीच अर्धं नळाचं पाणी घालायचं. पल्लवी घरात असेपर्यंत तरी नळी लाल येता कामा नये. ती बाळंत होऊन सुखरूप जाईस्तोवर तीन-चार महिने मी दर रविवारी लबाडी करायला तयार होते.

आधी तालीम केली. अर्धं टँकचं, अर्धं नळाचं. थेंब टाकले, हलवलं, पाच मिनिटं थांबले. हिशेबाने रंग अर्ध्यावर यायला हवा होता. लाल.

वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. लाल. मग दुसरी नळी घेतली आणि त्यात नुसतं नळाचं पाणी घेतलं. ओट्यावर दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी ठेवल्या. कार्डावर ऐंशीच्या चौकोनाचा जो लाल, तोच लाल दोन्हींत. कुठली टँकची आणि कुठली नळाची, हे मी चिठ्ठी लावली नसती तर मलाही सांगता आलं नसतं.

मी खाली बसले. म्हणजे दोन वर्षं मी दर रविवारी लाल पाणी काढून लालच पाणी भरत होते. तळ घासत होते, माशाला उपाशी मारत होते आणि लाथा खात होते, त्या नळाच्या रंगासाठी. विज्ञान शिकवते मी! ‘प्रयोगात आधी मूळ पाणी तपासावं’ हे वाक्य मी पोरांना लिहून देते. ह्यांच्या घरात राहून ह्यांचीच सवय लागली होती, बाहेर काय जातं ते बघायचं, आत काय येतं ते नाही. त्या क्षणी कुणी समोर असतं तर मी त्याला चावले असते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर नको, हे मला पाठ आहे. मोठ्या माणसाला जास्तीचं बरंच सोसतं. तान्ह्या बाळाला सोसत नाही. त्याच्या रक्ताला प्राणवायू धरता येत नाही आणि ते निळं पडतं. आणि उकळून नायट्रेट जात नाही, पाण्याची वाफ होते, ते तिथंच राहतं. म्हणजे पोटुशी पोरीला मी तीन आठवडे ते घट्ट करून पाजत होते. मी उठले आणि तांब्या मोरीत पालथा केला. मग तांब्याही मोरीत आपटला.

आवाजाने पल्लवी आली. तिला दोन्ही नळ्या दाखवतच होते, तेवढ्यात दारात नथूचा टेम्पो थांबला. नथू खेरडीचा, पन्नाशीचा, खांद्यावर जार घेऊन थेट हॉलमध्ये येणारा. त्याने जार स्टँडवर ठेवला, माझ्या गालाकडे बघितलं आणि नजर जमिनीला लावली.

“नथूभाऊ, जारचं पाणी कुठलं?”

“लांबचा हाय बेन, पार दुधनीच्या अंगाचा. आपला बोअरचा नाय.” मग रिकामा जार उचलत म्हणाला, “तुमच्या कंपनीवाले चारी सायेब हाच पितात. या गल्लीत चार घरं त्यांची, चारी घरांत एकेकच जार. दोन वरस झाली. बाकीचे लोक बोअर पितात.”

“चौघांनी एकदम सुरू केला?”

“एकाच हप्त्यात. त्या उन्हाळ्यात कंपनीचा घाण पाणी न्यायचा टँकर बंद झाला ना, तवापासून. मी म्हटलं, मोठे लोक, हौस असेल.”

त्या जारमधलं पाणी मी नळीत घेतलं. पाच मिनिटांनी ते लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. दोन वर्षं ज्या रंगाची वाट बघितली तो माझ्या घरात, ह्यांच्या खुर्चीशेजारी, स्टँडवर होता. मला हसू आलं. पल्लवी घाबरली.

नथूच्या टेम्पोत आणखी पाच जार होते, ते सगळे उतरवून घेतले. पल्लवी म्हणाली, “आई, आत्ताच्या आत्ता निघू. मी मयूरला फोन करते.” मी म्हणाले, “बॅग भर. मालतीमावशीला कळव. पण जायचं ते बाबांच्या तोंडून सगळं ऐकून. नाही तर चार दिवसांनी तूच म्हणशील, बाबा मनाने वाईट नाहीत.” ती रडायला लागली. मी तिची समजूत काढली नाही. मला काम होतं.

दुपारभर पाइप लावून टँकमधलं अर्ध्याहून जरा जास्त पाणी काढलं. एकदम सगळं बदललं तर मासा दगावतो, हे ह्यांनीच शिकवलेलं. मग एक बाटली पिण्यापुरती बाजूला ठेवून सहाही जार हळूहळू आत ओतले. सरदार आधी कोपऱ्यात दबून राहिला. तासाभराने मधोमध आला आणि कल्ले फुलवून नुसता तरंगत राहिला. नळी घेतली. रंग चाळीसच्या खाली उतरला होता. नारिंगी. दोन वर्षांत पहिल्यांदा. रजिस्टरात तारीख टाकून मी आकडा लिहिला आणि शेऱ्यात लिहिलं, ‘मूळ पाणी तपासलं.’

सव्वासहाला हे आले. बूट काढले, खुर्चीत बसले, हात जारकडे गेला. स्टँड रिकामा. भिंतीशी सहा जार ओळीने उभे, सगळे रिकामे.

“माझं पाणी कुठंय?”

“टँकमध्ये.”

आधी त्यांना कळलं नाही. मग टेबलावर तीन नळ्या ठेवलेल्या दिसल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. टँक. नळ. जार. ते उठले. मी समजले होते की ओरडतील, पण त्यांनी सरळ हात टाकला. माझे केस मुठीत धरले आणि कपाळ टँकच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. कडेच्या पट्टीने भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. आत सरदार काचेवर धडका मारत होता, त्याचं धप्प-धप्प मला कानाशी ऐकू येत होतं.

“बाबा, सोडा तिला!” पल्लवी मध्ये पडली. तिने त्यांचा दंड धरला. त्यांनी न बघताच कोपर मागे झटकलं. कोपर तिच्या छातीला लागलं आणि ती मागे जाऊन खुर्चीच्या हातावर आदळली. दोन्ही हात पोटावर धरून ती खाली बसली. तिच्या तोंडातून आवाजच निघेना.

मला सोडून ते तिच्याकडे वळले. उचलायला की मारायला, मला ठाऊक नाही. आजही ठाऊक नाही आणि मी त्यावर विचारही करणार नाही. हॉलला लागूनच ओटा, त्यावर खलबत्ता होता. मी बत्ता उचलला आणि तिच्याकडे गेलेल्या त्यांच्या उजव्या मनगटावर घातला. लोखंडी बत्ता, माझ्या आजेसासूचा. हाड मोडल्याचा आवाज स्वच्छ आला. ते गुडघ्यावर आले. मी पुन्हा उचलला आणि खांद्यावर घातला. तिसऱ्या वेळी त्यांच्या डोक्यावर धरला होता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. पल्लवी “आई!” म्हणाली म्हणून थांबले.

तिला आधी विचारलं, “दुखतंय का? अंगावरून पाणी गेलंय का?” ती म्हणाली, नाही. हात पोटावर दाबून म्हणाली, “हलतंय. हलतंय गं.” तेव्हा मी श्वास घेतला.

हे भिंतीला टेकून बसले होते, मनगट मांडीवर. चेहरा पांढरा पडला होता. मी बत्ता खाली ठेवला नाही.

“पल्लवीसमोर सांगा. नळाच्या पाण्यात काय आहे?”

“वेडी झालीयेस तू. दवाखान्यात ने मला.”

“नेते. आधी सांगा.”

ते तुकड्या-तुकड्याने बोलले. त्या उन्हाळ्यात साफ करायची यंत्रणा बंद पडली होती. माल थांबवायचा नव्हता. घाण पाणी टँकरने बाहेर पाठवणं परवडेना. कंपनीच्या मागे जुनी, आटलेली बोअर होती. दोन महिने पाणी तीत सोडलं. “वरून सांगितलं होतं. मी फक्त सही करतो. जमिनीखाली कुठे जाईल ते मला काय ठाऊक होतं?”

“ठाऊक नव्हतं तर जार कशाला लावला?”

त्यांनी मोडलं मनगट पोटाशी धरलं. मग म्हणाले, “सगळ्या घराला लावला असता तर गल्लीने विचारलं असतं. मोठ्या माणसाला काही होत नाही त्याने.”

“आणि लहान बाळाला?”

“शीतलच्या बाळाचं हृदयाचं होतं. डॉक्टर म्हणालेत.”

मी शीतलचं नावच काढलं नव्हतं. पल्लवीने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. त्यांनाही ते कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“मग मला का मारत होतात?” मी विचारलं. एवढं तरी मला हवंच होतं. “रंग नळाचा आहे हे ठाऊक असून दर रविवारी मला का?”

“कमी झालाय का ते बघायचो,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. “नळाचं पाणी नळीत घ्यायची हिंमत नव्हती. टँकचं घ्यायचो. वाटायचं, एखाद्या रविवारी पिवळा येईल, जमीन धुऊन निघाली असेल. लाल आला की मला बघवायचं नाही.”

म्हणजे त्यांना बघवायचं नाही म्हणून मी दोन वर्षं मार खाल्ला. मला वाटलं होतं, हे ऐकून मी रडेन. मी नळाशी गेले, ग्लास भरला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला.

“दुपारपासून तहानलेले असाल. मोठ्या माणसाला काही होत नाही. घ्या.”

ते ग्लासाकडे बघत राहिले.

“पी,” मी म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

त्यांनी ग्लास ओठांपर्यंत नेला. थोडं शर्टावर सांडलं. मग त्यांनी तो हळूच फरशीवर ठेवला आणि पायाने लांब सरकवला. पल्लवीने ते सगळं बघितलं. ती उठली, खुर्चीचा आधार घेत खोलीत गेली आणि भरलेली बॅग घेऊन बाहेर आली. त्यांच्याकडे तिने मान वळवली नाही.

रिक्षा बोलावली. आधी तिला डॉक्टरांकडे दाखवायचं, मग तशीच गाडी करून नाशिक. ह्यांच्यासाठी कंपनीतल्या शेजारच्या साहेबांना फोन केला, म्हटलं, ह्यांचा हात मोडलाय, आणि येताना एक जार घेऊन या. निघताना सरदारला थोडं खाणं टाकलं. त्याने ते झडप घालून खाल्लं.

पल्लवी रिक्षात बसली. मी म्हणाले, “दोन मिनिटं,” आणि किट, तीन नळ्या आणि ते रजिस्टर पिशवीत घेऊन तिसऱ्या घराची बेल वाजवली. माझ्या भुवईवर रुमाल, साडीवर रक्त. तिला काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, काहीच ठरलं नव्हतं. वर्षभर जिला मी देवाची इच्छा म्हणून सांगितलं, तिला हे सांगितल्यावर ती जगेल कशी, हेही ठाऊक नव्हतं. पण तिचं काही चुकलं नव्हतं, आणि ते तिला सांगणारी आता मीच होते.

शीतलने दार उघडलं. मला बघून तिचा हात तोंडावर गेला. तिने मला धरून आत घेतलं, सोफ्यावर बसवलं. मग घरी आलेल्या कुणालाही आपण देतो तसं, आधी स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली ग्लास भरला आणि माझ्यासमोर धरला.

“काकू, आधी पाणी प्या.”

मी तिच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. पिशवीतल्या किटमधून रिकामी नळी काढली आणि त्या ग्लासातलं पाणी तिच्यासमोर तीत भरायला लागले.